शेपूटवाला डबा

हमामात्सूला येऊन सात महिने झाले तेव्हा माझ्या नावावर दोन कामगिऱ्या जमा होत्या. पाण्याची बाटली, तिचं झाकण आणि तिचं लेबल कुठल्या कुठल्या पिशवीत टाकायचं हे मला पाठ झालं होतं. आणि कोपऱ्यावरच्या दुकानातले टोमॅटो मला ओळखायला लागले होते. आमची परिस्थिती सारखीच होती. दिवसभर एका जागी नीट रचून ठेवलेले, आणि कुणी हात लावत नाही.

माझी बायको उमा गाड्यांच्या ब्रेकचं डिझाइन करते. शेंद्र्याच्या कंपनीनं तिला वर्षभरासाठी जपानला पाठवलं, आणि व्हिशावर मला ‘अवलंबून’ असं छापून तिच्यासोबत पाठवलं. त्याआधी मी ठिबकच्या नळ्या विकायचो. पिशोरपासून पाचोडपर्यंत मोटारसायकलवर हिंडायचो. दिवसाला चाळीस माणसांशी बोलायचो, त्यातल्या पाच जणांशी नळ्यांबद्दल. इथं दिवसाला एका माणसाशी बोलणं व्हायचं, आणि ते माणूस संध्याकाळी सात वाजता दमून यायचं.

गावाकडं करमाडला तर माझं नाव निघालं की लोक आवाज बारीक करत, आजारी माणसाबद्दल बोलताना करतात तसा. बायको कामाला आणि बद्री घरी. चुलते आईला विचारायचे, “मग दिवसभर करतो काय त्यो?” आई सांगायची, “जपानी शिकतोय.” हे अगदीच खोटं नव्हतं. ‘माफ करा’ मला तीन प्रकारे म्हणता येत होतं.

आमच्या गल्लीत नऊ घरं. महिन्यातून एकदोनदा एक फाइल घरोघर फिरते. कचऱ्याचे वार, कुणाचं मांजर हरवलं, नाला कधी साफ करायचा, असलं सगळं त्यात असतं. वाचायचं, आपल्या घरासमोर शिक्का मारायचा आणि पुढच्या घरी द्यायची. आमच्याकडे ती शेजारच्या नाकामुरा-सानकडून, म्हणजे नाकामुरारावांकडून यायची; गल्लीत पहिलं घर त्यांचंच. हे एकोणऐंशी वर्षांचे गृहस्थ, एकटेच राहायचे. बायको दोन वर्षांपूर्वी गेलेली. ते फाइल कापडी पिशवीत घालून आमच्या दाराच्या मुठीला अडकवायचे आणि दिसेनासे व्हायचे.

पहिल्यांदा फाइल आली तेव्हा उमा कामावर होती. आतलं मला एक अक्षर कळलं नाही. एवढं मात्र कळलं की शेजारच्या घरातून आपल्याकडे पिशवी आली आहे. आणि शेजारच्या घरातून आलेली वस्तू रिकामी परत करायची नसते, एवढे संस्कार माझ्यावर आहेत. घरात साखर असली तर साखर, नाहीतर चार शेंगदाणे, पण काहीतरी घालायचंच. मी खलबत्त्यात शेंगदाण्याची चटणी कुटली, डब्यात भरली, डबा फाइलवर ठेवला आणि पिशवी नाकामुरा-सानच्या दाराला अडकवून आलो.

म्हणजे फाइल पुढं जायची ती मागं गेली.

तिसऱ्या दिवशी पिशवी पुन्हा आमच्या दाराला. फाइल तीच. डब्यात सोललेली उकडलेली अंडी, सहा.

“यांच्यातही रिकामं परत करत नाहीत वाटतं,” उमा म्हणाली. कामाच्या गडबडीत तिनं फाइलकडे पाहिलंच नाही. अंडी मात्र दोन खाल्ली.

आता अंड्यांचा डबा रिकामा कसा पाठवणार? मी धपाटे केले. तिकडून संत्री आली. मी चिवडा पाठवला. तिकडून परत अंडी आली, या वेळी तपकिरी रंगाची. नाकामुरा-सानना अंडं उकडण्यापलीकडे काही येत नसावं, असा माझा अंदाज होता आणि तो बरोबर निघाला. तीन आठवडे ती फाइल आमच्या दोन घरांमध्येच हेलपाटे घालत होती. दर वेळी आम्ही दोघंही इमानदारीत शिक्का मारत होतो. आमच्या घरासमोरचा रकाना भरला, मग मी समासात मारला.

त्या फाइलमध्ये भूकंपाच्या सरावाची सूचना होती.

उमानं ती सरावाच्या आदल्या दिवशी वाचली आणि मला पाठवलं. मैदानात आगीचा बंब आलेला, हेल्मेट घातलेले चार जवान, तीस माणसांची तयारी. सराव आमच्याच गल्लीचा, आणि हजर दोघंच, मी आणि नाकामुरा-सान. बाकीच्या सात घरांना पत्ताच नव्हता. जवानांनी घड्याळात पाहिलं आणि कार्यक्रम जसा ठरला होता तसा पूर्ण केला. आम्ही दोघांनी खोटी आग विझवली. मग पाण्याची दुसरी टाकी उरली होती म्हणून पुन्हा विझवली. मग नाकामुरा-सान जखमी झाले आणि मी त्यांना स्ट्रेचरवर घेतलं. मग मी जखमी झालो. मला उचलताना ते जपानीत काहीतरी म्हणाले. मी मराठीत म्हणालो, “बाबा, सांभाळून, कंबर जाईल.” दोघांनाही पटलं.

दुसऱ्या दिवशी वस्तीच्या सचिव बाई आल्या. त्यांनी हसतमुखानं एक नकाशा दिला. नऊ घरं, नऊ बाण. आमच्या घरावरचा बाण लाल शाईनं दोनदा गिरवलेला. त्यानंतर फाइल सुरळीत पुढं जायला लागली. डबा मात्र आमच्या दोघांतच राहिला. त्याच्यासाठी कुणी बाण काढलेला नव्हता.

या डब्याबद्दल सांगायला हवं. निघताना आईनं तो नवा घेतला आणि मला सोबत नेऊन गुलमंडीच्या बाजारात स्वतःचं नाव टाकून आणला. नाव न टाकता भांडं घराबाहेर काढलं की ते गेलंच, मग ते शेजारी जावो नाहीतर जपानला, असा तिचा हिशोब. यंत्रानं नाव कोरणारा शेवटच्या अक्षरावर असताना वीज अशी काही खालीवर झाली की यंत्रानं उडी मारली. डब्यावर ‘सौ. सारजाबाई रामकिसन तारे, करमाड’ असं आलं आणि त्या ‘ड’पासून एक लांबलचक शेपूट निघून पार बुडापर्यंत गेलं.

आई म्हणाली, “हे शेपूट कशाला रे भाऊ?”

तो म्हणाला, “राहू द्या मावशी. त्याचे पैसे घेत नाही.”

तर एका सोमवारी उमा घरी आली आणि बूट न काढताच दारात उभी राहिली. तिला आणखी दोन वर्षं थांबायला सांगत होते. ती करत होती तो ब्रेक गाडीला लागून रस्त्यावर धावेपर्यंत. पुढच्या सोमवारपर्यंत उत्तर हवं होतं.

“मी त्यांना सांगितलंय, बद्रीला विचारून सांगते,” ती म्हणाली. “आणि मी खरंच विचारतेय. तू नाही म्हणालास तर आपण दोघं परत जाऊ. मी तोंड पाडणार नाही.”

माझं उत्तर ठरलेलं होतं. नाही. सात महिने मी तेच उत्तर घोळवत होतो. पण उमा इथं आल्यापासून भाजी चिरताना गुणगुणायला लागली होती. शेंद्र्याला असताना ती गुणगुणत नव्हती. तिथं ती दुसऱ्यांच्या ड्रॉइंगवर सह्या करायची. मी तोंड उघडलं आणि त्यातून भलतंच निघालं.

“डबा नाकामुरा-सानकडे आहे. तो आला की सांगतो.”

“डब्याचा काय संबंध?”

“आपला डबा दुसऱ्याच्या घरी असताना गाव सोडायचं, थांबायचं, असं काही ठरवत नसतात.”

“असं कुठं असतं, बद्री?”

“आमच्यात असतं,” मी ठोकून दिलं. ती शहरातली, समर्थनगरची. आमच्यात काय असतं याची तिला खात्री नसते.

डबा आदल्या दिवशीच गेला होता, भरल्या वांग्यांचा. तीन दिवसांत यायला हवा होता. बुधवारी आला नाही. गुरुवारी आला नाही. शुक्रवारी आईला फोन केला.

“आई, डबा पाच दिवस झाले आला नाही.”

“वांग्यात तिखट किती घातलं व्हतं?”

“आपल्यासारखंच.”

“आरं बाबा! म्हातारं माणूस हाय ते. जित्तं हाय का बघ आधी!”

मी भिंतीवरून डोकावलो. नाकामुरा-सान जिवंत होते. खिडकीशी पाठमोरे बसले होते, समोर वाकून. माझी चाहूल लागताच त्यांनी वळून पाहिलं आणि पडदा ओढला. हे मात्र मला लागलं. या गावात ज्या एका माणसाशी माझं येणंजाणं होतं, त्यानं पडदा ओढला होता. मी मनातल्या मनात बॅगा भरायला घेतल्या. आता सोपं होतं. डबा गेला तर गेला, सोमवारी ‘नाही’ म्हणायचं.

शनिवारी त्यांनी स्वतः बेल वाजवली. हातात एक चिठोरं होतं. ते उमाला देऊन तीन वेळा वाकले आणि गेले.

“उद्या वस्तीच्या हॉलमध्ये हस्ताक्षराचं प्रदर्शन आहे,” उमानं वाचून सांगितलं. “या म्हणतायत.”

“डबा?”

“त्याबद्दल काही लिहिलेलं नाही.”

रविवारी गेलो. हॉलभर लांब पांढरे कागद टांगलेले, त्यांवर ब्रशनं काढलेली काळीभोर अक्षरं. उमा एकेक वाचून दाखवत होती. “वसंत. हे वारा. हे चांदणं. हे पण वसंत.” मी माना डोलावत होतो. अकराव्या कागदाशी ती वाचायची थांबली. मला म्हणाली, “हे तू वाच.”

मी वाचलं. माणसाएवढ्या उंच कागदावर, उभ्या रांगेत, वरून खाली लिहिलं होतं:

सौ. सारजाबाई रामकिसन तारे, करमाड.

एकही काना सुटलेला नव्हता. आणि शेवटच्या ‘ड’पासून ते शेपूट निघालं होतं, तसंच वळून, तसंच मधे थरथरून, थेट कागदाच्या तळापर्यंत.

शेजारी नाकामुरा-सान उभे होते, कोट घालून. ते हळू आवाजात बोलत राहिले आणि उमा सांगत राहिली.

“म्हणतायत, अर्थ माहीत नाही. पण रोजच्या भांड्यावर कोरून ठेवलंय म्हणजे जपण्यासारखं काही असणार. बायको गेल्यावर त्यांनी ब्रश हातात घेतला नव्हता. आठवडाभर बसले होते. काल तू डोकावलास तेव्हा... नाही, परवा. कागद ओला होता, अर्धवट तुला दिसायला नको म्हणून पडदा ओढला. माफी मागतायत. म्हणतायत, बाकीची अक्षरं दोन दिवसांत जमली. हा शेवटचा फटकारा जमता जमेना. ज्यानं कोरलाय तो फार मोठा उस्ताद असणार.”

मला गुलमंडीचा तो माणूस आठवला, एका हातानं यंत्र चालवत दुसऱ्या हातानं कान खाजवणारा.

“त्यांना सांग,” मी म्हणालो, “आमच्याकडे नावाजलेला आहे.”

कागदाखाली छोट्या पट्टीवर त्यांचं नाव होतं, वय होतं आणि चित्राला असतं तसं शीर्षक होतं. “काय लिहिलंय?” मी विचारलं.

उमा पट्टीवर वाकून म्हणाली, “‘शेजारी’.”

मी आईला व्हिडिओ कॉल लावला, कारण तिथं नुसतं उभं राहवेना. कागदासमोर फोन धरला. तिकडं सकाळ होती, आई केस विंचरत होती.

“आरं, मला कशाला टांगलं तिथं?” ती ओरडली. “मी मेले का काय?”

“आई, नीट बघ. त्यांनी हातानं काढलंय.”

कंगवा थांबला. तिनं फोन डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला. “शेपूट बी काढलं व्हय?” ती म्हणाली. मग पदर तोंडाला लावून हसत सुटली, आणि हसता हसता डोळे पुसले, आणि मला म्हणाली, “त्यांना जेवायला बोलीव. तिखट कमी घाल.”

करमाडला मला ओळखणारी हजार माणसं असतील. त्यातल्या कुणीही आठवडाभर बसून माझ्या आईचं नाव गिरवलं नसतं. मीही नसतं.

निघताना नाकामुरा-साननी पिशवी पुढं केली. डबा होता. उघडला तर आत अंडी नव्हती. काळपट, जाडजूड, वाटोळं काहीतरी होतं, चार नग. मी धपाटे थापताना त्यांनी भिंतीवरून पाहिलं होतं म्हणे. इथल्या शेवयांना लागतं ते पीठ आणून त्यांनी भाकरी थापल्या होत्या. मी तिथंच एक मोडली. मोडायला उमाची मदत घ्यावी लागली. बराच वेळ चावली आणि ‘छान’ म्हणालो. ते कानापर्यंत लाल झाले.

घरी चालत येताना उमा म्हणाली, “डबा आला, बद्री.”

“आला.”

“मग?”

“मग हा आता भरून परत द्यायला लागेल.”

“दे. आणि?”

“ते पुन्हा भरून पाठवतील.”

“आणि?”

“मी हिशोब केला,” मी म्हणालो. “हे दोन वर्षांच्या आत काही आटपत नाही.”

उमानं डबा माझ्या हातातून घेतला आणि उरलेला सगळा रस्ता स्वतः धरला. पुलावर आलो तेव्हा ती गुणगुणत होती.

पुढच्या आठवड्यात आई गुलमंडीला गेली आणि नवा डबा घेतला, मोठा, तीन भाकरी आडव्या मावतील असा. नाव टाकणाऱ्यापुढं तिनं कागद ठेवला: नाकामुरा, हमामात्सू.

तो म्हणाला, “मावशी, हे कोण?”

“शेजारी हायेत आमचे.”

त्यानं मन लावून नाव कोरलं, फुंकर मारली, पुसलं आणि डबा पुढं केला. आईनं उलटसुलट करून पाहिलं आणि परत त्याच्या हातात दिला.

“शेवटच्या अक्षराला शेपूट टाक,” ती म्हणाली. “मागल्या बारीला टाकलं व्हतं तसंच. आन् नीट टाक, त्यांना त्यातलं लई कळतं.”