आधी आपण चालायचं

रेणूनं गालिच्यावर गुडघे टेकले आणि अ‍ॅलन की फिरवून घोट्याचा स्क्रू किंचित घट्ट केला.

"आता बसा, अक्का. सावकाश."

सिवगामी पलंगाला हात न लावता खाली गेली. आधी धडक्या पायाचा गुडघा, मग दुसरा. नव्या पावलाचा घोटा वळला, चवडा गालिच्यात रुतला, आणि ती दोन्ही गुडघ्यांवर स्थिरावली. मग तिनं हात पुढे केला आणि गालिच्यावरून बोटं अलगद फिरवली, डावीकडून उजवीकडे, जणू तिथे गवत होतं आणि गवताखाली काहीतरी होतं.

"सकाळभर," ती म्हणाली. "आता मी सकाळभर अशी बसू शकेन."

तिचं इंग्रजी परदेशी संस्थांच्या तंबूंत शिकलेलं होतं, आखूड वाक्यांचं. उत्तर श्रीलंकेत ती वर्षानुवर्षं जमिनीतले सुरुंग काढत होती. पैसे एका देशाचे, डिटेक्टर दुसऱ्या देशाचे, सुरुंग तिसऱ्याच देशात बनलेले आणि गुडघे तिथल्या बायकांचे. एकदा पुराच्या पाण्यानं मातीबरोबर एक सुरुंग साफ झालेल्या वाटेवर आणून ठेवला. सिवगामीचा डावा पाय गुडघ्याखाली गेला. जिल्ह्याच्या दवाखान्यानं दिलेल्या पायावर ती चालायची, पाणी आणायची. पण त्याचं पाऊल ताठ होतं, गुडघे टेकून काम होत नव्हतं. आईची विहीर आणि ताडाची झाडं अजून सुरुंगांच्या धोक्याच्या लाल खुंट्यांच्या आत होती. टीमच्या साहेबांनी सांगितलं होतं, गुडघ्यावर बसता येईल त्या दिवशी परत ये. तुझ्याच शेतापासून सुरू करू.

रेणूनं अमेरिकेत, स्टेट कॉलेज नावाच्या गावातल्या कृत्रिम पायांच्या लॅबमध्ये तिला तो दिवस दिला होता.

लॅबचा एक रिवाज होता. पाय परत द्यायचा आहे हे ठाऊक असलेलं माणूस त्या पायावर पूर्ण वजन टाकत नाही. अंग चोरतं, आणि मोजमाप बिघडतं. म्हणून शेवटचं मोजमाप होईपर्यंत सांगायचं, हा पाय तुमचाच. पहिल्या दिवशी सिवगामीनं विचारलं होतं, "माझा?" रेणू "हो" म्हणाली होती. दुसऱ्या दिवशी तिनं पायावर टाकलेल्या वजनाचा आलेख पाठ्यपुस्तकात छापावा असा आला.

आज कार्यक्रम झाला की खरं सांगायचं होतं. नव्या पायाचा घोटा म्हणजे लॅबचा एकमेव नमुना होता. जुना पाय बॅगेत होताच. तो घालून ती उद्या विमानात बसणार होती.

"झालं का गं, रेणू?" मीनाक्षीकाकू दारातूनच बोलत आत आल्या. अ‍ॅशबर्न गावातलं हे घर त्यांचं, आणि आजचा कार्यक्रम त्यांच्या नवऱ्याच्या, प्रल्हादकाकांच्या, फाउंडेशनचा. "अरे वा, खाली बसता पण येतं! मला बघ, दोन्ही पाय ओरिजिनल असून सत्यनारायणाला खुर्ची लागते." त्या स्वतःच हसल्या. "तो जुना कुठंय? काका म्हणतायत स्टेजवर टेबलावर ठेवू. बिफोर आणि आफ्टर."

रेणूनं बॅगेतून पाय काढला. रबरी पावलाची बोटं झिजली होती. त्यांच्या नखांवर लाल रंग होता.

"अगंबाई, नेलपॉलिश!"

"मुलीनं लावलं," सिवगामी म्हणाली. तेवढं तिला भाषेशिवायही कळलं होतं.

"डिस्प्लेलाच ना, काकू?" रेणूनं विचारलं.

"मग काय, मी घालणारे?" काकूंनी पाय बाळासारखा कुशीत घेतला आणि त्या गेल्या.

हॉल गच्च भरला होता. बटाटेवड्यांचा वास थेट स्टेजपर्यंत येत होता. सिवगामी जांभळ्या साडीत चालत आली, मधोमध थांबली, गुडघ्यांवर बसली, उठली. लोक उभे राहिले. प्रल्हादकाका माइकवर म्हणाले, "अमेरिकेची टेक्नॉलॉजी, श्रीलंकेचं धाडस आणि आपलं मराठी काळीज! हा पाय आपण या ताईंना दिलाय." टाळ्यांतून सिवगामी पायऱ्या उतरली आणि पहिल्या रांगेत रेणूशेजारी येऊन बसली. मधल्या पायरीवर तिनं कठडाही धरला नाही. लॅबमध्ये सरावाच्या वेळी सिवगामीनं जे सांगितलं होतं ते रेणूला आठवत होतं, कारण तिनं ते आपल्या प्रेझेंटेशनच्या पहिल्या स्लाइडवर घातलं होतं:

"गावाला जमीन परत करतो तेव्हा भाषणं होतात. साहेब सांगतात, साफ आहे. कुणी हलत नाही. मग आम्ही बायका हात धरून त्या जमिनीवरून चालत जातो. आधी आपण चालायचं. मग गाव येतं. नुसत्या शब्दावर कुणी पाय ठेवत नाही."

त्यानंतर लिलाव सुरू झाला. काकांचा मुलगा आर्य हातोडा घेऊन उभा होता. पैठणी गेली, कुणा क्रिकेटपटूच्या सहीची बॅट गेली. मग आर्यनं टेबलावरचा पाय दोन्ही हातांनी वर उचलला.

"अँड नाऊ, समथिंग रिअली स्पेशल! लुक, गाइज, शी इव्हन हॅड अ पेडिक्युअर!"

हॉल हसला. बोलीची पाटी वर करणारे बरेच होते. शेवटी न्यू जर्सीहून आलेल्या संग्राम नावाच्या बिल्डरनं पाटी वर धरली ती खालीच आणली नाही.

"लॉबीत लावतो, दादा," तो प्रल्हादकाकांना ओरडून म्हणाला. "काचेच्या पेटीत. इन्स्पिरेशन!"

"गोइंग वन्स!"

सिवगामी रेणूच्या कानाशी वाकली. "माझ्या त्या पायासाठी?" तिनं हसू दाबायला तोंडावर हात ठेवला. "घेऊ दे. मला आता कशाला?" आणि इतरांबरोबर तीही टाळ्या वाजवू लागली.

रेणूच्या मुठीत अ‍ॅलन की होती. तिनं ती इतकी आवळली, की तळव्यावर काटकोन उमटला. ती उठली. तोंड उघडलं.

"आणि ही बघा, स्वतःच उभी राहिली!" काकांचा आवाज माइकमधून आला. "आपली सायंटिस्ट, नागपूरची रेणू! हिच्याचमुळे हे सगळं!"

टाळ्या पुन्हा सुरू झाल्या. रेणूनं हात जोडले. हातोडा पडला तो तिला ऐकूही आला नाही. ती खाली बसली.

रविवारी सकाळी तिनं अंगणात उभं राहून प्रोफेसरांना फोन लावला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. गुरुवारी नोव्हाय शहरात एका गाडीकंपनीचे इंजिनिअर घोटा बघणार होते. ते हो म्हणाले तर शेकडो पाय बनतील. एका माणसासाठी शेकडो थांबवायचे का? गुडघ्याखाली बसणारं वरचं सॉकेट तिच्याच मापाचं आहे, ते तिला ठेवू दे.

"मी तिला सांगितलं होतं, तुमचाच आहे म्हणून," रेणू म्हणाली.

"ते सगळ्यांनाच सांगतो आपण. ती पद्धत आहे, वचन नव्हे."

आत प्रल्हादकाका चहात खारी बुडवत होते.

"काका, संग्रामदादांकडून तो जुना पाय परत मागा ना. प्लीज."

"वेडी आहेस का, बेटा? डोनर आहे तो. दिलेली वस्तू परत मागायची? कसं दिसतं ते!" काकांनी ओली खारी तोंडात टाकली. "आणि तो रात्रीच ड्राइव्ह करून गेला."

"मग दुसरं कुठलं तरी पाऊल बसवू. दुपारच्या आत..."

"आज संडे आहे," काका म्हणाले.

काकूंना मात्र उपाय सुचला. "अगं, व्हीलचेअर बुक करते ना. माझ्या सासूबाईंना नेहमी तेच. ठणठणीत चालतात त्या, पण इंग्लिश येत नाही ना, मग चेअरवाला थेट गेटपर्यंत सोडतो. काही प्रॉब्लेम येत नाही. आणि गावाला दवाखाना आहेच की."

त्या दवाखान्यात पाय बनवणारे पुढच्या वर्षी येणार होते. रेणूला हे माहीत होतं. तिनं ते सांगितलंही. काकूंनी मान हलवली आणि सिवगामीसाठी चिवड्याची पिशवी भरायला घेतली.

सिवगामी पाहुण्यांच्या खोलीत पलंगावर बसून बॅगेला चेन लावत होती. रेणूनं दार लोटलं आणि सगळं सांगितलं. वाक्यं आखूड ठेवली. सिवगामीनं बॅग बाजूला सारली.

"लॅबमध्ये, पहिल्या दिवशी," सिवगामीनं विचारलं, "तुला ठाऊक होतं?"

"हो."

सिवगामीनं साडी गुडघ्यापर्यंत वर घेतली आणि पाय पुढे केला. रेणू खाली बसली. काल घट्ट केलेला स्क्रू पहिल्यांदा फिरेना. सिवगामीनं वरून सॉकेट दोन्ही हातांनी धरून दिलं, म्हणजे ते हलणार नाही. घोटा सुटला. सॉकेट तेवढं उरलं, रिकाम्या भांड्यासारखं. सिवगामीनं ते बॅगेत साड्यांच्या मधोमध ठेवलं.

डलेस विमानतळावर व्हीलचेअर एका रांगेत लावल्या होत्या. त्यांत आज्या बसल्या होत्या: स्वेटर, पांढरे बूट, मांडीवर पर्स. एकीचा जावई लांबून ओरडला, "आई, बाथरूमला जाऊन या, वेळ आहे," तशी ती खुर्चीतून उठून तुरुतुरु चालत गेली. दुसरी कॉफीच्या रांगेत जाऊन उभी राहिली. तिच्या रिकाम्या खुर्चीशेजारी सिवगामी बसली होती, मांडीवर चिवडा, खाली साडीची एक बाजू सपाट. प्रल्हादकाकांनी दिलेल्या कुबड्या सामानात गेल्या होत्या.

परत आलेल्या आजीनं रेणूकडे बघून मान डोलावली. "बरं असतं बाई हे. बसून जायचं. तुझ्या आईला पण इंग्लिश येत नाही का?"

"येतं," रेणू म्हणाली.

खुर्ची ढकलणारा माणूस आला. रेणू सिवगामीसमोर वाकली. "अक्का, गुरुवारी ते हो म्हणाले, तर पहिला पाय मी तुम्हालाच पाठवेन. शब्द देते."

सिवगामीनं तिच्याकडे पाहिलं, रागानं नव्हे, तर एखाद्या जमिनीकडे पाहावं तसं, नीट, काठापासून काठापर्यंत. मग तिनं चिवड्याची पिशवी रेणूच्या हातात दिली आणि खुर्चीवाल्याला हातानं खूण केली, चल.

नोव्हायमधल्या खोलीत काचेपलीकडे गाडीकंपनीचे इंजिनिअर कॉफी घेऊन उभे होते. प्रोफेसर त्यांच्यात होते. खोलीत एमिना नावाची बाई दोन समांतर दांड्यांमध्ये उभी होती. लहानपणी बोस्नियात भावाबरोबर जळण गोळा करताना सुरुंगानं तिचा पाय गेला होता. आता ती जवळच्याच एका शाळेत मुलांना जेवण वाढायची. रेणूनं तिच्या नव्या सॉकेटखाली घोटा बसवला आणि स्क्रू घट्ट केला. घोट्याच्या सांध्यात अ‍ॅशबर्नच्या गालिच्याचा एक धागा अडकला होता. तो तिनं नखानं काढला.

एमिनानं पाऊल टेकवलं. दांड्या सोडल्या नाहीत. पडद्यावरची वजनाची रेषा थोडी वर आली आणि थरथरत तिथेच थांबली. काचेपलीकडे एकानं घड्याळ पाहिलं.

"फार छान आहे," एमिना म्हणाली. "हा मला राहणार?"

रेणू अजून गुडघ्यांवरच होती. काचेतून प्रोफेसरांनी भुवया उंचावल्या.

"हो," रेणू म्हणाली. "तुमचाच आहे."

एमिनानं दांड्या सोडल्या. रेषा सरळ वर गेली.