बिदरचं माहेर

कपाटाचं काय करायचं हे येडगावच्या गोरखला पक्कं ठाऊक होतं. विकायचं. धरणाकाठच्या जुन्या घराला लागून त्यानं नवं स्लॅबचं घर बांधलं होतं, टीव्हीसाठी भिंतीतच शोकेस काढून घेतली होती, आणि बायकोनं, नूतननं, आधीच बजावलं होतं की ते जुनं धूड नव्या फरशीवर आलं तर ती डिंगोऱ्याला जाईल. डिंगोरं म्हणजे तिचं माहेर. ही धमकी ती वर्षातून चार-सहा वेळा देई आणि दर वेळी ती लागू पडे.

कपाट तसं देखणं होतं. मधाच्या रंगाचं लाकूड, दोन्ही अंगांना काळे गोल खांब, काचेची दारं. आत लाल काचेचे जाडजूड पेले, त्यांवर हरणं कोरलेली. गोरखचे वडील अण्णा तरुणपणी पुण्यात एका गोऱ्या साहेबाच्या बंगल्यावर स्वयंपाकाला होते. साहेब मायदेशी निघाला तेव्हा त्यानं हे सगळं त्यांना देऊन टाकलं, असं अण्णा मरेपर्यंत सांगत. गोरखची आई ठकूबाई त्यातल्या एका पेल्यात मशेरी ठेवी, दुसऱ्यात वाती. बाकीच्यांत काय असे ते तिलाच ठाऊक.

दोन हजार तीनच्या उन्हाळ्यात पुण्याहून जुन्या सामानाचा एक व्यापारी आला. त्यानं कपाटाभोवती दोन फेऱ्या मारल्या, दारं उघडली, नेमका मशेरीचाच पेला उचलला आणि सटासट शिंका दिल्या. शिंका ओसरल्यावर पेला उजेडात धरून तो जवळजवळ ओरडलाच, "बीडरमायर! अस्सल बीडरमायर!"

गोरखला ऐकू आलं ते असं: बिदर माहेर.

उंबऱ्याशी हुलगे निवडत बसलेल्या ठकूबाईलाही तेच ऐकू आलं. तिचा हात सुपातच थांबला.

"कुणाचं माहेर?" गोरखनं विचारलं.

व्यापारी पेल्यात बुडालेला. "अं? दोन्ही. कपाटही आणि पेलेही. तुमच्याकडे कुठून आलं हे?"

साहेबाच्या बंगल्याची गोष्ट सांगायला गोरख तोंड उघडणार, तेवढ्यात ठकूबाई म्हणाली, "माज्या माहेरावनं आलंय. बिदरवनं."

आता इथं एक गोष्ट सांगायला हवी. सासरची वस्तू घराची असते, पण माहेरची वस्तू बाईची. नूतनचा डिंगोऱ्याहून आलेला पितळी हंडा बिनकामाचा पडून होता, पण तिला विचारल्याशिवाय त्याला हात लावायची गोरखची छाती नव्हती. तेव्हा कपाट खरोखरच आईच्या माहेरचं असेल, तर सौदा तिथंच अडकला.

"आई, तुजं माहेर आंबेगाव," गोरख म्हणाला.

"ते मागनं. आदी बिदर."

"अगं, अण्णा तर सायबाचं सांगायचे!"

"सांगायचे. गड्याला बायकूच्या माहेरचं सांगाया लाज वाटती."

चहा घेऊन आलेली नूतन कपबशांसकट दारात खिळली. "आत्याबाई, तुमी कानडी?" एवढंच तिच्या तोंडून निघालं.

गोरखचं डोकं गरगरायला लागलं. आंबेगावला तो लहानपणी कितीदा गेला होता. मामाचं घर, घरामागची भातखाचरं, सगळं त्याला आठवत होतं. डिंभ्याचं धरण झालं आणि ते सगळं पाण्याखाली गेलं. मामाही आता राहिले नव्हते. पण मामा बोलताना जरा हेल काढायचे, तो कानडी तर नव्हता ना? आणि आईला आंबट-तिखट एवढं लागतं, ते तिकडचंच का? आईचं माहेर पोराच्या चाळिशीत असं जागा बदलायला लागलं, तर पोरानं धरावं तरी कशाला?

"पटत नसंल तं पेला बघ," ठकूबाई म्हणाली. "नाव घातलंय. माहेरच्या भांड्यावर नाव असतंच."

व्यापाऱ्यानं भिंग काढलं. "कोरलंय खरं हरणाखाली काहीतरी. कुणीतरी कुणालातरी भेट दिलेला दिसतो."

"भेटच! लग्नातली!"

गोरखनं पेला हातात घेतला. वळणावळणाची अक्षरं होती. मराठी नव्हती, त्याला येत होतं तेवढ्या इंग्रजीतलीही वाटेनात.

"कानडीच," त्याच्या खांद्यावरून बघत नूतननं निकाल दिला. गोरखनंही मान डोलावली. खरं तर तो आता मनानं बिदरला पोचलाच होता.

"कानडी कसलं, वहिनी!" व्यापारी हसायलाच लागला. "जर्मन आहे ते. बीडरमायर म्हणजे जर्मनी-ऑस्ट्रियाकडचा जुना घाट, दीडशे वर्षांपूर्वीचा. बिदरचा काय संबंध?"

म्हणजे अण्णा खरं सांगत होते. आई खोटं बोलली होती, तेही परक्या माणसासमोर, आणि आपण कपाटापायी मामालासुद्धा कानडी करून बसलो. गोरखला संताप आला. तो आईला हाताला धरून परसात घेऊन गेला.

"बिदर कुठं हाय ते तरी म्हाईत हाय का तुला?"

"नाय."

"मंग?"

"माहेर पान्यात गेलं, गोरख. ते बिदरला व्हतं का आंबेगावाला, बुडी मारून कोन बघनार हाय?"

"पन खोटं कशापायी बोलायचं?"

ठकूबाईनं पदर सारखा केला. "कपाट इकू का म्हनून तू मला इचारलं व्हतं?"

गोरखनं आठवून पाहिलं. त्यानं नूतनला विचारलं होतं. गवंड्याला विचारलं होतं, टेम्पोवाल्यालासुद्धा विचारलं होतं. आईला विचारायचं असतं हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"सासरचं म्हनलं का बाईला कुनी इचारत नाय," ती म्हणाली. "माहेरचं म्हनलं तं इचारावं लागतं. पावन्याच्या तोंडून माहेर निगालं, मी धरलं."

"मंग तुला पायजे का ते कपाट?" गोरखचा आवाज खाली आला होता. "इकू का नको?"

ठकूबाई उत्तर द्यायला गेली आणि थांबली. हो म्हणावं की नाही, हे तिलाही ठरवता येईना. "थांब जरा," ती म्हणाली. "इचार करू दे." आणि तिथंच दगडावर टेकली.

गोरख बाहेर आला. व्यापारी पेला पुसत उभा होता. "मग, टेम्पो बोलावू?"

"आई इचार करतीया."

"किती वेळ लागेल?"

गोरखनं मागं वळून पाहिलं. आई दगडावर बसली होती, हनुवटीला हात लावून.

"ठाव नाय, राव. तिला आजवर कुनी इचारलंच नाय."