दोन कोऱ्या ओळी

आमच्या शहरावर मालिका निघाली तेव्हा चक्रीवादळाला तीन वर्षं होऊन गेली होती. रविवारी संध्याकाळी सात वाजता लागायची. वादळानंतर शहर पुन्हा कसं उभं राहिलं त्याची गोष्ट, असं जाहिरातीत म्हणायचे. आमच्या जिन्याला अजून कठडा नव्हता आणि अर्ध्या गल्लीच्या खिडक्यांना काचेऐवजी प्लास्टिक होतं, पण टीव्हीवर तरी शहर उभं राहिलं, हे काय कमी झालं!

सहाव्या भागात बाबा आले. म्हणजे बाबांचं काम करणारा नट आला. खालच्या वस्तीत साचणारं पाणी उपसून बाहेर टाकायला एक पंपघर आहे, तिथे माझे बाबा सव्वीस वर्षं पंपचालक आहेत. पोट सुटलेलं, जाड भिंगांचा चष्मा, आणि काही बोलायचं असलं की आधी घसा खाकरणार. नट सहा फुटी, ओला शर्ट अंगाला चिकटलेला. वादळाच्या दिवशी तो पंपघरात एकटा थांबतो, कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून एक भलंमोठं लोखंडी चाक फिरवतो आणि निम्मी वस्ती वाचवतो. बाबा खुर्चीच्या टोकावर बसून बघत होते.

"असलं चाक आमच्याकडे नाहीच," ते म्हणाले. "एक हिरवं बटण आहे आणि एक लाल. एवढंच."

"पाऊण तास बटण दाबताना दाखवलं तर लोक झोपतील," मी म्हटलं.

एरवी ते हसले असते. त्या दिवशी उठून आत गेले.

मालिकेचा लेखक दोन वर्षांपूर्वी पंपघरात येऊन गेला होता. भला माणूस, बाबांनी दिलेला फिका चहासुद्धा संपवला. त्याने नोंदवही चाळायला मागितली. पंपघरात दर तासाला एक नोंद करावी लागते, पाण्याची पातळी, विजेचा दाब आणि सही. वादळाच्या दिवशीच्या पानावर दुपारी दोनची नोंद आहे आणि एकदम पाचची आहे. तीनची आणि चारची ओळ कोरी. लेखकाने त्या दोन ओळींवर बोट ठेवलं आणि त्याचे डोळे भरून आले. या माणसाला लिहायलाही सवड मिळाली नसेल, असा त्याने अर्थ लावला. पंपावर एक महिना काढलेल्या कुणालाही विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं की छप्पर उडालं तरी नोंद होते. नोंद नाही याचा अर्थ माणूस नाही. बाबा समोरच उभे होते. त्यांनी घसा खाकरला, पण तेवढ्यात लेखकाने त्यांना मिठी मारली आणि तो गेला.

त्या दोन तासांत बाबा कुठे होते हे मला माहीत आहे, कारण ते माझ्यासाठी आले होते. आई मी लहान असतानाच गेली. आम्ही तेव्हा तळमजल्यावर राहायचो आणि माझ्या मोडलेल्या पायाला मांडीपर्यंत प्लास्टर होतं. पाणी दाराखालून आत आलं तसा मी पंपघरात फोन केला. "बाबा, लवकर या," एवढंच बोलले. ते आले, मला पाठुंगळी घेऊन टेकडीवरच्या शाळेत सोडलं आणि परत गेले. परत पोचले तेव्हा पंप बंद पडलेला होता. जाळीत कचरा अडकला की तो आपोआप बंद होतो. जाळी साफ करायची आणि हिरवं बटण दाबायचं, दहा मिनिटांचं काम. ते करायला तिथे कुणी नव्हतं. वस्तीत सात माणसं गेली. पुढे चौकशी झाली, तिचा सगळा रोख फुटलेल्या बंधाऱ्यावर होता. पंपाबद्दल कुणी विचारलं नाही, बाबांनी सांगितलं नाही, आणि मी तर मुळीच नाही.

मालिकेमुळे बाबांचा भाव एकदम वधारला. बेकरीवाला स्वतः काउंटरमागून बाहेर येऊन पाव हातात द्यायला लागला. दवाखान्यात आम्हाला रांगेतून पुढे घेतलं. पोस्टमन पत्र नसताना वर येऊन हात मिळवून गेला. मला ते आवडत होतं, खोटं कशाला बोलू? बाबांनी मात्र ती बेकरी सोडली आणि ते लांबच्या बेकरीत जायला लागले. टीव्ही तिथल्या लोकांकडेही होताच.

आणि मग एका सोमवारी शिवणवाल्या काकू आल्या. त्या पंपघराच्या मागच्याच गल्लीत राहतात. त्यांचे यजमान घड्याळं दुरुस्त करायचे. खाली दुकान, वर घर. गेलेल्या सातांमध्ये ते होते. काकू गळ्यात टेप अडकवून आमच्या दारात उभ्या राहिल्या.

"पंपवाले, हात वर करा. तुमच्यासाठी शर्ट शिवतेय."

"कशाला वहिनी? आहेत मला शर्ट," बाबा म्हणाले.

"कसले आहेत ते दिसतंय. करा हात वर."

बाबांनी हात वर केले. काकूंनी छाती मोजली, पोट मोजलं, टीव्हीवर हे एवढं दिसत नाही असा टोमणा मारला. मग बाहीचं माप घेता घेता त्यांचा हात थांबला.

"तुम्ही सगळा वेळ तिथेच होतात ना हो?" त्यांनी विचारलं.

बाबांनी घसा खाकरला. मी घाईघाईने मध्ये पडले. "काकू, चहा टाकते हं, जाऊ नका."

त्या गेल्यावर बाबा म्हणाले, "मी सांगणार त्यांना."

"आणि काय साधणार? शेवटपर्यंत कुणीतरी झटत होतं, एवढाच त्यांना आधार आहे. तुमचं मन हलकं व्हावं म्हणून तोही काढून घ्यायचा?"

हे मी फार शहाण्यासारखं बोलले. पोटात वेगळंच होतं. बाबांनी सांगितलं की पुढचा प्रश्न येणार, मग गेला होतात कुठे? त्याचं उत्तर मी होते. एका पारड्यात सात माणसं आणि दुसऱ्यात मी, हे वस्तीने बघावं अशी माझी अजिबात इच्छा नव्हती.

"शर्ट झाला की तो मला घालावा लागेल," बाबा म्हणाले. "तो घालून पंपघरात जावं लागेल. ते माझ्याच्याने व्हायचं नाही."

गुरुवारी दुपारी शर्ट घालून बघायचा निरोप आला. बाबा निघाले तशी मीही चपला घातल्या. त्यांना अडवायला की सोबत करायला, ते माझं मलाच कळत नव्हतं.

काकूंचं मशीन खिडकीशी आहे. निळा शर्ट त्यांच्या मांडीवर होता, काजं करायची तेवढी राहिली होती. त्यांनी खुर्ची पुढे केली. बाबा बसले नाहीत.

"वहिनी, मी तिथे नव्हतो," ते म्हणाले. "तीनला दहा कमी असताना मी पंपघर सोडलं, ते पाचला दहा कमी असताना परत आलो. टीव्हीवर दाखवलं ते खोटं आहे. मधे कधीतरी पंप बंद पडला. तो चालू करायला मी नव्हतो."

काकूंनी सुई कापडात टोचून ठेवली. "कुठे गेला होतात?"

बाबांच्या आधी मीच बोलले. "माझ्याकडे. मी फोन केला होता. माझा पाय मोडला होता, काकू."

आता तोंडाला येईल ते बोलतील, असं मला वाटलं आणि मी मान खाली घातली. पण काकू माझ्याकडे बघतच नव्हत्या.

"पंप बंद पडला होता?" त्यांनी बाबांना विचारलं. "खरंच बंद पडला होता?"

"हो."

"पुन्हा सांगा."

"पंप बंद पडला होता, वहिनी."

काकूंनी मशीनवर दोन्ही हात टेकले. "आमच्या घरात पंप ऐकू येतो त्याहून जास्त पायाला कळतो. फरशी थरथरते. त्या दिवशी ती थांबली असं हे म्हणाले. मला काही कळलं नाही, एवढा वारा होता. मी म्हटलं, भास होतोय तुम्हाला. तर म्हणाले, भास नाही, पंप थांबलाय, आता पाणी चढणार, लोकांची घड्याळं वर आणतो. आणि खाली गेले." त्यांनी मांडीवरचा शर्ट सारखा केला. "मग ही मालिका आली. त्यात पंप सुरूच. सगळी वस्ती म्हणते पंप सुरू होता. मला वाटलं, बघा, भासच झाला होता ह्यांना. भासापायी जीव दिला. दोन महिने मी मनातल्या मनात त्यांच्याशी भांडतेय."

मग त्या रडल्या, शर्टातच तोंड खुपसून. आम्ही दोघं खांबासारखे उभे. डोळे पुसून झाल्यावर त्या म्हणाल्या, "बरोबर होतं त्यांचं. तीनला पाच कमी असताना थांबला. भिंतीवरच्या घड्याळात बघून बोलले होते."

"तीनला पाचच कमी होते," बाबा म्हणाले. "मी कोपऱ्यापर्यंत पोचलो होतो. रस्ता थरथरायचा थांबला, ते मलाही कळलं."

हे त्यांनी मला तीन वर्षांत एकदाही सांगितलं नव्हतं. पंप आपल्या माघारी कधी थांबला कुणास ठाऊक, असंच ते म्हणत आले होते.

"कळलं होतं?" काकू म्हणाल्या. "मग मागे का नाही वळलात? दोन पावलांवर तर होतं."

"हिचा फोन आला होता," बाबा म्हणाले.

काकूंनी तेव्हा पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं, पायांपासून वरपर्यंत. मला त्यांच्याकडे बघवेना. तिथे, त्या बाईसमोर, मला शरम वाटायला हवी होती, आणि वाटलीही. पण त्याआधी क्षणभर मला आतून फार बरं वाटलं.