भर चर्चमध्ये बोर्गहिल्ड

पाद्रीसाहेब, तुम्ही हसलात. भर चर्चमध्ये, ओंजळीत बाप्तिस्म्याचं पाणी घेऊन. तुरीदने पोरीचं नाव सांगितलं, 'बोर्गहिल्ड', आणि तुमच्या ओठांचा कोपरा हलला. खोकून झाकलंत. पण मी हातभर अंतरावर उभा होतो, आणि तुरीद, माझी बायको, त्याहून जवळ.

का हसलात ते सगळ्या खोऱ्याला ठाऊक आहे. आमच्या गोठ्यातल्या सर्वांत दुधाळ गाईचं नाव बोर्गहिल्ड आहे. तुम्ही आमच्याकडे कॉफीला येता तेव्हा तिचंच दूध तुमच्या कपात पडतं. पण गाईला ते नाव कोणी दिलं, हे कधी विचारलंत?

माझ्या आईने दिलं. स्वतःचं. आजीचं नाव नातीला जातं, ही आमची रीत. पण मी आणि धाकटा भाऊ ओडवार, दोघेही चाळिशीला टेकलेले बिनलग्नाचे. एका वसंतात कालवड झाली, तेव्हा आई तिच्या कानाशी वाकून म्हणाली, "या दोघांच्या भरवशावर राहिले तर माझं नाव माझ्याबरोबरच पुरलं जाईल. घे बाई, तू तरी घे."

टोमणा लागला. पुढच्या वर्षी मी लग्न केलं. त्याच हिवाळ्यात आई गेली.

मग तुरीदला दिवस गेले, आणि आई तिच्या स्वप्नात येऊ लागली. गरोदर बाईच्या स्वप्नात मेलेलं माणूस आलं की ते नाव मागायला आलेलं असतं, हे आमच्या इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. तुरीदला मात्र ते नाव नको होतं. म्हणे, उच्चारताना चिलखत चढवल्यासारखं वाटतं. माझ्या सासूबाईंना ते गोठ्याची कडी पडल्यासारखं वाटे. त्यांचं म्हणणं, नुसतं पहिलं अक्षर घ्या, बेंटे ठेवा, हल्ली सगळे असंच करतात. मी म्हटलं, मग रविवारच्या कोबी-मटणातलं एक हाडूक चघळा आणि जेवण झालं समजा.

ओडवारला तर ऊतच आला होता. "वहिनी, नीट आठवा. स्वप्नात येते ती दोन पायांची की चार?"

तुरीद म्हणाली, "भाऊजी, गाय माझ्या स्वयंपाकघरात येऊन सगळी कपाटं पुन्हा लावत नाही."

शेवटी तोड ओडवारनेच काढली. गाईचंच नाव बदलायचं. त्या दिवसापासून ती दागरोस. संध्याकाळी त्याने नव्या नावाने हाका मारल्या. बाकीच्या गाई उतरल्या, ही चढणीवर पावसात पाठ फिरवून उभी. तो वर गेला तर ही आणखी वर गेली. घसा बसेपर्यंत ओरडला. अखेर तुरीद, आठवा सरत आलेली, माझे बूट घालून पायरीवर आली आणि एकदाच ओरडली, "बोर्गहिल्ड!"

गाय सरळ खाली आली, दाराशी थांबली.

तुरीदने तिच्या ओल्या कपाळावर हात ठेवला. मग मला म्हणाली, "हाक मारायला चांगलं आहे रे. डोंगराला पुरतं."

तिथे ठरलं. आम्ही कोणी सांगितलं नाही तिला, तिचं तिने ठरवलं. आणि तुम्ही ते एका खोकल्यात मोडलंत.

चर्चमधून आल्यापासून तुरीद पोरीला नावाने हाक मारत नाही. नुसतं 'बाळ' म्हणते. मी नाव घेतलं की आधी खिडकी लावते. गाईलाही आता शीळ घालून बोलावते. सासूबाई पाळण्याशी वाकून हळूच 'बेंटे' म्हणून बघतात. पोर हसते, नालायक, तिला काय कळतंय. महिनाभर असंच चाललं तर माझ्या आईचं नाव फक्त गोठ्यात उरेल.

म्हणून येत्या रविवारी कॉफीला या. वाफल होतील, दूध तिचंच असेल. तुरीदसमोर बसा आणि सांगा. गाईला हसला असाल तर माफ आहे, ती मनावर घेत नाही. आईला हसला असाल तर मात्र ती तुमच्या स्वयंपाकघरात येऊन कपाटं लावणार नाही, याची हमी मी देत नाही.

कोणाला हसलात?