पाय धरायचं काम

माझा आवाज मोठा आहे हे मी सांगायची गरज नाही, बदनापुरात कुणालाही विचारा. एस.टी.तली माझी सगळी कंडक्टरकी जालना-भोकरदन रस्त्यावर गेली. चतुर्थीला राजूरच्या गणपतीची गर्दी गाडीत बसवायची तर नरडं लोखंडाचं लागतं. मी 'पुढं सरका' म्हटलं की ज्याच्यापुढं जागा नाही तोसुद्धा सरकायचा. त्या जोरावर मी स्वतःला फार कडक माणूस समजत होतो. निवृत्त झाल्यावरही समजत होतो. हा समज आमच्या पुष्पाबाईच्या, म्हणजे बायकोच्या, गुडघ्यानं घालवला.

दोन हजार चार साली तिचा उजवा गुडघा बदलायचं ठरलं. गुडघ्याची वाटी पार झिजली होती, भिंत धरल्याशिवाय उठता येत नव्हतं. तरी ती ऑपरेशनला तयार होईना. तिची थोरली बहीण एका साध्याशा ऑपरेशनच्या वेळी भुलीतून उठलीच नव्हती. तेव्हापासून भूल म्हटलं की हिच्या तोंडचं पाणी पळतं. "कमरेत सुई देऊ, तुम्ही बिलकुल जाग्या राहाल," असं डॉक्टरांकडून दोनदा कबूल करून घेतलं तेव्हा कुठं ती जालन्याच्या दवाखान्यात यायला उठली. ऑपरेशनच्या दिवशी ती आत टक्क जागी होती, आणि बाहेरच्या बाकावर मी बेशुद्ध पडायच्या बेतात होतो. नर्सनं मला पाणी दिलं आणि पेशंट कोण आहे असं विचारलं.

दुसऱ्याच दिवशी व्यायामाच्या मॅडम आल्या. आमच्या धाकट्या लेकीच्या वयाच्या असतील. त्यांनी पुष्पाबाईच्या हातात वॉकर दिला आणि तिला उभी केली. ती दारापर्यंत चालली. मी कोंबडी धरायला निघाल्यासारखा दोन्ही हात पसरून तिच्या मागं मागं. "काका, तुम्ही खाली बसा," मॅडम म्हणाल्या. मी बसलो.

मग त्यांनी आम्हा दोघांना समोर घेतलं आणि नीट समजावलं. चालणं जमेल, खरं काम वाकवायचं आहे. नवा गुडघा वाकवला नाही तर आखडून बसतो. रोज खाटेच्या कडेला बसून पाय खाली सोडायचा, घरातल्या कुणीतरी नडगी धरून हळूहळू मागं दाबायची, झटका द्यायचा नाही, दुखलं की तिथंच धरून दहा मोजायचे. दीड महिन्यात गुडघ्याचा काटकोन झाला पाहिजे.

"पेशंट रडतं, आणि घरच्यांना दया येते," त्या म्हणाल्या. "घरात कडक कोण आहे?"

पुष्पाबाईनं माझ्याकडं बोट केलं. "हे हायेत की. ह्यांच्या धाकानं बिगर तिकिटाचे लोकं आपणहून उतरून जायाचे."

मी छाती पुढं काढली. त्या क्षणी कुणी फोटो काढला असता तर बरं झालं असतं, कारण ती छाती पुन्हा तेवढी पुढं आली नाही.

घरी आल्यावर पहिलीच अडचण आली ती गुडघ्याची नव्हती. मी जमिनीवर बसलो, तिचा पाय हातात घेतला, आणि तिनं तो झटकन मागं ओढला. त्या ओढण्यानंच ती कळवळली.

"अहो, काय करून राह्यले? नवऱ्यानं बायकोचे पाय धरायचे असतेत का? पाप लागंल मला."

"पाय कुठं धरला? नडगी धरली."

"मंग नडगी काय हाताला असती का?"

 शेवटी तोड निघाली ती अशी की आधी तिनं मला हात जोडायचे आणि मग मी तिचा पाय धरायचा. शेजारच्या रामराव गुरुजींच्या केशरबाईंनी हा सोहळा खिडकीतून पाहिला आणि दुपारपर्यंत गल्लीत पोचवला. स्टेशनजवळच्या हॉटेलात चहाला गेलो तर गल्ल्यावरून प्रश्न आला, "सर्जेराव, असं केलं तरी काय तुम्ही? रोज बायकोचे पाय धरून राह्यले म्हणं." मी चहा अर्धा टाकून घरी आलो.

लोकांचं सोडा. खरी फजिती माझी मीच केली.

नातू सुट्टीत आल्ता तेव्हा त्याचा प्लास्टिकचा कोनमापक आमच्याकडं विसरून गेला होता. तो मी गुडघ्याला लावायचो. पहिल्या आठवड्यात काटा, म्हणजे माझं बोट, साठावर. मी दाबायला लागलो की तिच्या कपाळावर घाम यायचा, ओठ पांढरे पडायचे. "आई गं" म्हणायची ती, पण हळू आवाजात, मला वाईट वाटू नये म्हणून. ते हळू म्हणणंच मला सोसायचं नाही. दहा मोजायचे तर मी "एक, दोन, पाच, सात, दहा" असे मोजायचो. गाडीतले उतारू असे मोजले असते तर तपासणीवाल्यानं मला कायमचं घरी बसवलं असतं.

एक दिवस तिनं विचारलं, "किती झालं आज?"

होतं पासष्ट. तिचा चेहरा पाहिला आणि माझ्या तोंडून निघालं, "सत्तर."

असं काही हसली ती! तो व्यायाम झाल्यावर तिनं मला वॉकर धरून चहा करून दिला. त्या चहाची मला चटक लागली म्हणा. दुसऱ्या आठवड्यात मी तिला पंच्याहत्तर दिले, पुढच्यात ऐंशी. कोनमापक जरा तिरपा धरला की जमून जातं. जन्मभर अर्ध्या तिकिटावर पोराचं वय चोरणाऱ्या बाया मी पकडल्या, आणि आता घरच्या घरी अंश वाटून राह्यलो होतो. दवाखान्यात दाखवायला निघालो त्या सकाळी माझ्या हिशोबानं तिचा गुडघा काटकोनाच्या उंबऱ्यावर होता. तिनं नवं लुगडं नेसलं होतं.

डॉक्टरांनी त्यांची पट्टी लावली. "सत्तर," ते म्हणाले. "हे बरोबर नाही."

"सत्तर कसं?" पुष्पाबाई म्हणाली. "घरी तर पंच्याऐंशी झालंय. हे रोज मोजतेत."

डॉक्टरांनी माझ्याकडं पाहिलं. मॅडमनीही पाहिलं. मी भिंतीवरच्या हाडांच्या सापळ्याच्या चित्राकडं पाहिलं. त्याचे गुडघे चांगले होते.

"पंधरा दिवस देतो," डॉक्टर म्हणाले. "तोवर काटकोन झाला नाही तर पूर्ण भूल देऊन आम्हाला वाकवावा लागेल. यावेळी कमरेतली सुई नाही."

 परतीच्या रिक्षात मी दोनदा रस्त्यावरचं काहीतरी दाखवलं, तिनं पाहिलं नाही. घरी आल्यावर खाटेवर बसली, वॉकर बाजूला ठेवला आणि म्हणाली, "मला दुखतंय म्हणून तुम्ही खोटं बोलले न्हवं?"

"हो."

"मंग मी भुलीतून उठलेच न्हाई, तर कोणाला खोटं सांगतान?"

 मला फार लाज वाटली. लाजेपेक्षाही भीती वाटली, कारण तिच्या बहिणीला स्मशानात नेताना खांदा देणाऱ्यांत मीही होतो. हिला ते माहीत होतं, आणि तिनं त्याचं नाव काढलं नाही.

त्या दिवसापासून कारभार तिच्या हाती गेला. कोन रामराव गुरुजी मोजणार, ते शाळेत गणित शिकवायचे. मी फक्त दाबायचं. "मी कितीबी वरडले तरी सोडायचं न्हाई. सोडलं तर मी सरळ अंतरवालीला भावाकडं जाते," अशी तिनं ताकीद दिली. या वयात वॉकर घेऊन माहेरी निघून जाणारी बाई अख्ख्या जिल्ह्यात आमच्याच घरची असती. मी कबूल झालो.

कबूल होणं सोपं असतं. पहिल्या दिवशी तिनं "आई" म्हटलं आणि माझे हात आपोआप सैल पडले. तिनं माझ्याकडं असं पाहिलं की मी पाय पुन्हा धरला. दुसऱ्या दिवशी मी कानात कापूस घातला. तो असूनही तिचं 'आई' मला ऐकू आलं, उलट दहा झाल्यावर गुरुजींनी 'थांबा' म्हटलेलं ऐकू न आल्यामुळं त्यांना मला दंडाला धरून थांबवावं लागलं. मग मी डोळे मिटून पाहिलं. मिटल्या डोळ्यांनी दाबताना समोर गाडीतला बिगर तिकिटाचा उतारू आहे असं मनात आणायचो, म्हणजे राग येईल. राग यायचा, पण त्या उतारूला थोड्याच वेळात पुष्पाबाईचा चेहरा यायचा आणि मी त्याला फुकट सोडून द्यायचो.

तरी गुडघा सरकत होता. गुरुजी रोज संध्याकाळी यायचे, चष्मा पुसायचे आणि मुलांना मार्क सांगावेत तसा आकडा सांगायचे. त्र्याहत्तर. सत्त्याहत्तर. एक्क्याऐंशी. खरे आकडे फार हळू चालतात हे मला तेव्हा कळलं. पुष्पाबाई प्रत्येक आकड्याला नुसती मान हलवायची आणि म्हणायची, "उद्या आणिक जरा दाबा."

दवाखान्यात जायच्या आदल्या संध्याकाळी काटकोनाला थोडं कमी होतं. गुरुजी यायला अवकाश होता. ती खाटेच्या कडेला बसली, मला हात जोडले आणि पदराचं टोक दातांत धरलं. "आज मी बोलणार न्हाई," ती म्हणाली. "मी मान हलवीन तवर दाबायचं."

मी डोळे मिटले आणि दाबायला लागलो. जिथं रोज "आई" यायची ती जागा आली. काही ऐकू आलं नाही. मी आणखी दाबलं. तरी नाही. रोज ज्याच्यापासून मी पळत होतो ते ओरडणं आज आलं नाही, आणि त्याविना मला काही सुचेना. मी डोळे उघडले. तिच्या डोळ्यांतून धार लागली होती, पदर दातांत घट्ट होता, आणि ती मान हलवत होती. आणखी. आणखी.

मी दाबलं. तिच्या आत काहीतरी ताणलेलं माझ्या हाताला लागलं, आणि त्या क्षणी मी ओरडलो. असा ओरडलो की राजूरच्या गर्दीतही कधी ओरडलो नसेन. "बास! बास गं माझे बाय! मेलो!" डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, आणि आवाज सगळा सुटलेला. फक्त हात सुटला नाही.

केशरबाई आणि गुरुजी पळतच आले. मागून आणखी चार दारं उघडल्याचं ऐकू आलं.

"काय झालं हो पुष्पाबाई?" केशरबाईंनी दारातूनच विचारलं. "लई दुखलं का?"

तिनं दातांतला पदर काढला, तोंड पुसलं. "मला कुठं? गुडघा माझा वाकला, दुखलं ह्यांना."

गुरुजी खाली बसले, चष्मा पुसला, कोनमापक लावला. दोनदा पाहिलं. "काटकोन," ते म्हणाले. "बराबर. वर दोन अंश."

पुष्पाबाईनं डोळे मिटले आणि मोठा श्वास सोडला.  मग तिनं खाली माझ्याकडं पाहिलं.

"अहो, झालं," ती म्हणाली. "सोडा आता पाय. लोकं बघून राह्यलेत."

बघू देत म्हटलं. मला काही केल्या सोडवेना.