घर नंबर एक्केचाळीस, माणसं दोन

पंचफुलाचं घर गावाच्या टोकाला, बाभुळगावच्या रस्त्याला लागून होतं. कापसाच्या दिवसांत त्या रस्त्यानं बंड्यांची रांग लागे. एखादा गाडीवान थोडी घेतलेला असला म्हणजे पाणी मागायच्या निमित्तानं तिच्या दाराची कडी वाजवी. आतून घोगरा, त्रासिक पुरुषी आवाज येई, "कोन हाय?" आणि मागून खोकल्याची एक उबळ. गाडीवानाची तहान तिथंच भागे.

आत पुरुष कोणी नव्हता. पंचफुलाचा नवरा उकंडा बावन्न सालीच छातीच्या दुखण्यानं गेला होता. आत होता पिंजऱ्यातला राघू. "उकंडा गेला, पन खोकला मांगं ठेवून गेला," असं गावात म्हणत, आणि म्हणणाऱ्यालाही ते ऐकून बरं वाटे.

उकंडाचा थोरला भाऊ देवराव. भावाच्या विधवेनं एकटीनं रस्त्याकाठी राहावं हे त्याला पसंत नव्हतं. त्याच्या घरी खाणारी तोंडं नऊ आणि भाकरी थापणारे हात दोन, हेही त्याला पसंत नव्हतं. भासऱ्यानं धाकट्या भावाच्या बायकोशी तोंडानं बोलू नये ही जुनी रीत. छप्पन साली नागपूरला जाऊन देवरावानं सगळे देव सोडले, ही रीत मात्र सोडायची राहून गेली. त्यामुळे तो ओट्यावर बसून राघूशी बोलायचा.

"राघू, सांग तिले, बाईमानसानं एकटं राहू नये."

पंचफुला आतून, डोक्यावर पदर घेऊन, राघूलाच उत्तर द्यायची. "राघू, सांग त्याहिले, घरात मानसाचा आवाज हाय."

शेवटी राघूच्याच मध्यस्थीनं ठरलं. राघू बोलतो आहे तोवर तिनं इथं राहावं. तो गप्प झाला की तिची भांडीकुंडी देवरावाच्या बंडीत.

त्रेसष्टच्या दिवाळीच्या सुमाराला राघू गप्प झाला.

पिसं फुगवून, डोळे अर्धे मिटून तो पिंजऱ्याच्या तळाशी बसला. मिरची दिली, खाल्ली नाही. पेरू दिला, त्याच्याकडे पाठ केली. दुसऱ्या दिवशी पंचफुलानं देवरावाच्या मुलाला, श्रावणला, बोलावून घेतलं. श्रावण अमरावतीहून प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाला होता आणि मलेरियाच्या खात्यात इन्स्पेक्टर होता. दर पंधरा दिवसांनी गावोगाव फिरून "घरात ताप हाय का कोनाले?" असं विचारणारे चार मलेरियावाले त्याच्या हाताखाली होते.

"चार वरसं बेडकं फाडले ना तू?" काकू म्हणाली. "मंग एक राघू दुरुस्त कर."

"बेडकं दुरुस्त नव्हतो करत, काकू."

"मंग काय करत व्हते तुमी लोकं तिथं?"

 कॉलेजात असताना दर सुटीत ज्वारीची भाकर आणि ठेचा त्यानं याच चुलीपुढे बसून खाल्ला होता. त्यानं पिंजरा सायकलच्या कॅरिअरला बांधला आणि बाभुळगावला ढोरांच्या डॉक्टरकडे गेला. डॉक्टरांनी पिंजऱ्यात एक बोट घातलं, परत काढलं आणि सांगितलं, "माझी सगळ्यात बारीक सुई याच्या पायापेक्षा जाड आहे. बैल आजारी पडला तर या."

परत आला तेव्हा शेजारची मैनाबाई ओट्यावर बसलेली होती. मारोतराव पाटलाची बायको, घरी तीस एकर कापूस आणि तूर, पण बसायला तिला हाच ओटा लागे.

"मरीमायले नारळ फोड वो, पंचफुले."

"आमी ते सोडलं, बाई. तुले ठावं हाय."

"तू सोडलं. राघूनं कवा शपथ घेतली?"

"माह्या घरात राह्यते, माह्या ताटातलं खाते. घेतलीच म्हन."

श्रावणनं दोघींकडे दुर्लक्ष करून कामाला सुरुवात केली. भगवानराव दुकानदाराकडून त्यानं नवा ग्रॅमचा तराजू आणला आणि राघूला पिशवीत घालून तोलला: एकशे दोन ग्रॅम. वहीत तारीख, वेळ, वजन. खात्याचा थर्मामीटर पंखाखाली धरला, पारा एकशे सहाच्या पुढे गेला. क्षणभर श्रावणच्याच कपाळावर घाम आला. मग त्याला आठवलं की पक्ष्यांचं रक्त मुळातच गरम असतं. पण किती? तुलनेसाठी त्यानं मैनाबाईची कोंबडी मागून आणली आणि तिचाही ताप पाहिला. पारा जवळजवळ तितकाच.

"माह्यी कोंबडी बिमार हाय का?" मैनाबाई घाबरून म्हणाली.

"नाई. ती बरी हाय, म्हनूनच आनली."

"बऱ्या कोंबडीले काहून तरास देतं, बाप्पा?"

तापावरून काही ठरेना. एक गोष्ट मात्र त्याच्या नजरेतून सुटली नाही. राघूची मान आणि पंख मधूनमधून थरथरत होते. थोडा वेळ थरथर, मग शांत, मग पुन्हा. ही तर हुडहुडी! मलेरिया पक्ष्यांनाही होतो हे त्यानं पुस्तकात वाचलं होतं. त्यानं वहीत 'हिंव भरून येणे' असं लिहिलं आणि त्या शब्दांखाली रेघ ओढली.

आता रक्त पाहायला हवं. पंखाखालच्या शिरेतून सुईनं एक थेंब काढून त्यानं काचपट्टीवर पसरला. पण सूक्ष्मदर्शक होता दूर, तपासणीच्या ठिकाणी, आणि तिथं नाव, वय, घर नंबर लिहिल्याशिवाय काच घेत नसत. घर नंबर पाहायला त्यानं या भागाच्या मलेरियावाल्याची, देवीलालची, नोंदवही उघडली आणि तो वाचतच राहिला.

*घर नं. ४१. माणसं दोन. एक बाई, एक म्हातारा. ताप नाही.* दोन वर्षं, दर पंधरवड्याला, तेच.

"काकू, देवीलाल आतमंदी येते का?"

"कायले येईन? बाहेरून कडी वाजवते, इचारते, ताप हाय का? राघू म्हनते, ताप नाई, जाय. तो जाते."

श्रावणला खोटं लिहिणं जमत नसे. त्यानं प्रत्येक रकाना विचार करून भरला. नाव: राघू उकंडा. हे खरंच होतं. लिंग: पुरुष. हेही खरं, कारण गळ्याभोवतीचा लाल पट्टा नराशिवाय दिसत नाही.

"वय किती गं त्याचं?"

"नऊ. पुऱ्या नवाचा हाय."

वय: नऊ. 'पक्षी' असा रकाना छापील कागदात नव्हता, म्हणून त्यानं तो भरला नाही. काच रवाना झाली.

निकाल येईपर्यंत हात बांधून बसणं बरं नव्हतं. तापाच्या माणसाला पहिल्याच दिवशी चार गोळ्या द्यायच्या असा नियम. माणूस पन्नास किलोचा, राघू शंभर ग्रॅमचा, म्हणजे पाचशेवा भाग. श्रावणनं एक गोळी सव्वाशे चमचे पाण्यात विरघळवली आणि त्यातला एक चमचा दिवसभर, थेंबाथेंबानं, चोचीत सोडायला सांगितला.

"आन बाकीचे एकशे चोवीस चमचे?" काकूनं विचारलं.

हिशेब बरोबर होता, तरी त्याचं काय करायचं हे त्यानं ठरवलं नव्हतं. ते तिनं वालाच्या वेलाला घातले.

चौथ्या दिवशी वजन सत्त्याण्णव. त्या सकाळी देवराव ओट्यावर येऊन बसला, राघूकडे बराच वेळ पाहिलं आणि त्यालाच म्हणाला, "राघू, आयतवारी बंडी घेऊन येतो. बोलला तं ठीक."

राघू थरथरला. आतून उत्तर आलं नाही. निरोप पोचवणाराच गप्प, तर तिनं तरी बोलावं कोणाशी?

देवराव गेल्यावर श्रावण पिंजरा साफ करायला खाली बसला आणि त्याची नजर सहज भिंतीवर गेली. जिथं पिंजरा खुंटीला टांगलेला असे, त्याच्या मागे, चोच पोचेल इतक्या अंतरावर, मातीच्या भिंतीला बोराएवढा खड्डा पडला होता. कडा ताज्या होत्या. आणि खड्ड्याभोवती सगळ्या भिंतीवर पांढुरकी पूड.

राघू माती खायचा. पोपट खातातच. आणि त्या मातीवर भादव्यात खात्यानं डीडीटी फवारलं होतं. थरथर हिवाची नव्हती, त्या विषाची होती.

गावच्या बायका काय करत? फवारणारे गेले की आठ दिवसांत घर पोतारून घेत, पांढऱ्या मातीचा हात फिरला की खात्याचं औषध मातीखाली. याच पोतारण्यावर श्रावण दोन महिने भांडत होता. पोतारलेली चाळीस घरं त्यानं लाल पेन्सिलीनं वहीत टिपली होती, मैनाबाईला तर तिच्या अंगणात उभं राहून दम दिला होता. साऱ्या गावात एकाच घराची भिंत नियमाप्रमाणे राहिली होती.

"काकू, तू यंदा पोतारलं नाई?"

"म्या तुले इचारलं होतं ना रे. दरसाली धम्मदीक्षेच्या दिवसाआंधी पोतारतो, आवंदा पोतारू का? तू म्हनलं, नाई. इन्स्पेक्टरच्या घरचीच बाई ऐकत नाई म्हनतीन लोकं. मंग म्या नाई पोतारलं."

ती कुठलाही दोष न देता सांगत होती, म्हणून ते जास्त लागलं. श्रावणनं वही उघडली. 'हिंव भरून येणे' याच्याखालची रेघ अजून तितकीच सरळ होती.

त्यानं पिंजरा उचलून अंगणात शेवग्याला टांगला. मग दोन घमेली पांढरी माती नाल्यावरून स्वतः डोक्यावर आणली. मैनाबाई कुंपणाशी उभी होतीच.

"काय गा इनिसपेक्टर, आता तुले दम कोन देईन?"

श्रावणनं घमेली खाली उतरवली. काकूनं भिंत पोतारली, त्यानं वाळेपर्यंत पाहिली आणि लाल पेन्सिलीनं एक्केचाळिसावी नोंद केली: *घर नं. ४१, भिंती पोतारलेल्या.*

चार दिवसांचा उपाशी राघू अंगणात खायला लागला. शनिवारी थरथर थांबली. वजन एकशे एक. रविवारी सकाळी एकशे तीन. पण चोचीतून शब्द नाही. खोकलासुद्धा नाही. पिंजरा पुन्हा घरात, आता मधल्या वाशाला, टांगला गेला आणि पंचफुलानं दाराला आतून कडी घातली.

देवराव बंडी घेऊन आला. बैल दारात उभे. तो ओट्यावर बसला, आणि भासरा बाहेर बसलेला म्हणून पंचफुला आत पदर घेऊन गप्प. श्रावण दोघांच्या मध्ये, अंगणात उभा. तेवढ्यात रस्त्यावर धुरळा उडाला आणि खात्याची जीप थांबली. आतून साहेब उतरले, मागून देवीलाल. दोन वर्षं ज्या गावात ताप नाही तिथून अचानक तापाची काच आली, म्हणून साहेब जातीनं पाहायला आले होते.

"घर नंबर एक्केचाळीस हेच ना? रोगी कुठं आहे?"

"आतमंदी, साहेब," देवीलाल खात्रीनं म्हणाला. "म्हातारा हाय. मी वळखतो त्याले."

श्रावणनं तोंड उघडलं. साहेबांनी त्याआधीच कडी वाजवली होती.

आत काही हललं नाही. देवराव उठून बैलांकडे निघाला. साहेबांनी पुन्हा कडी वाजवली. आणि आतून घोगरा, त्रासिक आवाज आला, "कोन हाय?" मग खोकल्याची उबळ. मग, "ताप नाई. जाय!"

देवराव होता तिथंच थांबला.

"वा," साहेब म्हणाले, "रोगी सुधारलेला दिसतोय. आवाजात दम आहे." त्यांनी दारावर खडूनं तारीख टाकली, खिशातून कागद काढून श्रावणच्या हातात दिला. "निकालही आलाय. निगेटिव्ह."

श्रावणनं कागद वाचला. राघू उकंडा, पुरुष, वय नऊ (साहेबांनी तेवढं वाचलेलं दिसत नव्हतं), रक्तात दोष नाही. आधी त्याला बरं वाटलं, मग कॉलेजातला धडा आठवला. माणसाच्या लाल पेशीत केंद्रक नसतं, पक्ष्याच्या प्रत्येक पेशीत असतं. ती काच ज्यानं एकदा जरी सूक्ष्मदर्शकाखाली धरली असती तो खुर्चीवरून उठून उभा राहिला असता.

"साहेब, ही काच नीट पाहिली असेल ना?"

"काचेवर शंभर ठिकाणी पाहिली, असं लिहिलंय की सहीनिशी. का?"

का ते सांगायचं तर रोगी कोण ते सांगावं लागलं असतं, आणि बंडी अजून दारात होती. "काही नाही," श्रावण म्हणाला. साहेबांनी त्याची वही चाळली, एक्केचाळिसाव्या नोंदीवर थांबले. "सख्ख्या काकूचं घरसुद्धा सोडलं नाहीस! असे लोक हवेत खात्यात." जीप गेली.

देवरावानं बंडी वळवली. जाताना दाराकडे न पाहता म्हणाला, "राघू, सांग तिले, मी जाऊन राह्यलो."

आतून कडी निघताच श्रावण आनंदानं आत धावला. राघू दांडीवर बसला होता. चोचीत पेरूची अख्खी फोड, इतकी मोठी की त्यातून 'क' सुद्धा निघाला नसता. पंचफुला पदर तोंडाशी धरून अजून खोकत होती. या वेळचा खोकला खरा होता.

"काकू... हे तू?"

"मंग कोन?"

"पन आवाज तं काकाचा! राघूनं काकापासून..."

"उकंडा बावन्नले गेला. राघू म्या चौपन्नच्या बाजारातून आनला. इतकुसा होता, पिसं बी नोते." तिनं पदरानं डोळे पुसले. "शिकवलं कोनं त्याले? म्या शिकवलं. घरात मानूस नाई हे लोकाले कायले सांगू? वय तं तूच लिहून घेतलं, नऊ. बियस्सीले वजाबाकी नाई का रे?"

श्रावणनं वही उघडली, आणि काही न लिहिता मिटली.

कडी वाजली. पंचफुलानं राघूकडे पाहिलं. राघूनं मान वाकडी करून तिच्याकडे पाहिलं आणि पेरू खाली ठेवायचं काही चिन्ह दाखवलं नाही. तिचा घसा बसला होता. तिनं श्रावणला कोपरानं ढोसलं. "तू म्हन."

श्रावणनं घसा साफ केला. "कोन हाय?"

 बाहेरून मैनाबाईचा आवाज आला, "अवो पंचफुले, राघू अजून बरा नाई झाला वाटते. पोट्ट्यावानी बोलून राह्यला!"