आईला ओढणारी गाडी

“वर्षाला किती फेऱ्या? आणि किती वर्षं ओढायची आहे?”

जुन्या गाड्यांच्या यार्डवाल्याने प्रश्न साधाच विचारला होता. धंद्याचा प्रश्न. पण समोरची तीन भावंडं एकमेकांकडे बघायला लागली, जणू भर चौकात कुणी त्यांची चोरी पकडली होती.

ओढायची होती ती कॅरॅव्हॅन. चाकांवरची पत्र्याची खोली. आत एक पलंग, एक छोटा ओटा, एक शिलाई मशीन आणि एक आई. वडील गेल्यावर तिघांनी मिळून आईची राहती जागा विकली आणि तिला ही खोली घेऊन दिली. चार महिने थोरल्याच्या अंगणात, चार महिने मुलीच्या, चार महिने धाकट्याच्या. घरात कुणाकडेच जागा नव्हती. म्हणजे होती, पण आईसाठी नव्हती. अंगणात होती. पाळी संपली की खोलीला गाडी जोडायची आणि पुढच्याच्या दारात नेऊन उभी करायची. या सोयीचं नात्यागोत्यात फार कौतुक झालं. एका मेव्हण्याने तर “आमच्या म्हातारीचंही असंच करतो” म्हणत फोटो काढून नेले.

इतके दिवस भाड्याची गाडी यायची. त्या गाडीवाल्याने धंदा बंद केला. आता तिघांत मिळून एक जुनी गाडी घ्यायची होती. यार्डात दोन होत्या, एक डिझेल आणि एक पेट्रोल. दोन्हींच्या मागे ओढायची कडी बसवलेली. भाड्याच्या गाडीने शेवटची फेरी म्हणून आईसकट खोली इथे आणून सोडली होती. कारण कुठली गाडी कशी ओढते, ते खोली जोडल्याशिवाय कळणार कसं?

“चढ आहे म्हणताय, तर डिझेल घ्या,” यार्डवाला म्हणाला. “इंजिन हळू फिरत असतानाच जोर लावतं. पेट्रोलला बोंबलायला लावावं लागतं, तेव्हा कुठे ते ओढायला लागतं.”

“मी पहिल्यापासून हेच सांगतोय,” थोरला म्हणाला.

“तू सांगशीलच रे दादा,” मुलगी म्हणाली. “चढ तुझ्या घराला आहे. आमच्याकडे सपाट रस्ता. तुझ्या चढाचा भुर्दंड आम्ही का भरायचा?”

धाकट्याने सगळा अभ्यास करून ठेवला होता. तो कुठल्याही गोष्टीचा अभ्यास करतो, आईच्या तब्येतीचासुद्धा. “डिझेल घ्यायला महाग. जास्तीचे पैसे वसूल व्हायला बरीच वर्षं पळवावी लागते. आपण वर्षातून तीनदा ओढणार, बाकी दिवस उभीच. आणि डिझेल नुसती उभी राहिली, जवळपासच फिरली, की धूर गाळणारी जाळी तुंबते. काय हो, बरोबर ना?”

“बरोबर आहे,” यार्डवाला म्हणाला. “म्हणून तर विचारलं, किती वर्षं.”

धाकट्याने मान वळवून आजूबाजूला पाहिलं आणि आवाज खाली आणला. किती खाली? जेवढा लाजेपुरता आणावा लागतो, तेवढाच.

“हे बघा, आईची तब्येत आपल्याला माहितीये. गेल्या वर्षी छातीचं झालंच. धरा तीन वर्षं. फार तर चार. चार वर्षांसाठी डिझेल कोण घेतं?”

“काहीतरीच काय बोलतोस मेल्या!” मुलगी म्हणाली.

“अगं ताई, मी काय आईच्या वाइटावर आहे का? मी गाडीचं बोलतोय.”

“तसं नाही रे...” तिने पदराने कपाळ टिपलं. “पण चारच धरली, तर मग पेट्रोलच परवडतं.”

“पाच धरा,” थोरला म्हणाला.

थोरल्याने आईला एक वर्ष वाढवून दिलं. त्याचं मन पहिल्यापासून मोठं.

यार्डवाला आपल्या चपलांकडे बघत राहिला. त्याने आजवर गाड्यांची वयं सांगितली होती, गाड्यांची लपवलीही होती. माणसाचं वय असं टायरच्या नक्षीसारखं मोजलेलं त्याने पहिल्यांदाच ऐकलं.

ज्या आईचे हे हिशेब चालले होते, तिने सगळं आयुष्य दुसऱ्यांच्या गाड्यांची सीटकव्हरं शिवण्यात घालवलं. जाड रेक्झीन, जाड सुई. दोन्ही अंगठे वाकडे झाले. तिघांची शिक्षणं, लग्नं, पहिली बाळंतपणं, सगळं त्या सुईच्या नेढ्यातून निघालं. आज यार्डात आल्याबरोबर तिने दोन्ही गाड्यांच्या सीटांवर हात फिरवला होता. “या पेट्रोलवालीची मागची शिवण गेलीय गं,” म्हणाली होती. कुणी हूं की चूं केलं नाही. मग ती खोलीच्या पायरीवर जाऊन बसली. उन्हं वाढली, गुडघे ठणकायला लागले, तशी आत गेली आणि दार लोटून घेतलं. हे कुणी पाहिलं नाही. आईकडे बघत बसायला तिथे कुणाला वेळ होता?

“बोलून काय होणार?” यार्डवाला शेवटी म्हणाला. “चढावर घालून बघू. आधी पेट्रोल, मग डिझेल. गाडी स्वतःच सांगेल.”

मुलगी यार्डाच्या ऑफिसात पंख्याखाली जाऊन बसली. तिला वाटलं, आई भावांबरोबर गाडीत बसली असेल. यार्डवाल्याने कडी अडकवली, साखळी लावली, दिव्यांची वायर जोडली, दाराची बाहेरची खिट्टी सरकवली.

“आत कुणी नाही ना? ओढताना आत माणूस चालत नाही. एका हिसड्यात डोकं फुटायचं.”

“आत कोण असणार?” थोरला म्हणाला. त्याला वाटलं, आई बहिणीबरोबर पंख्याखाली आहे.

तीन मुलांची आई अशीच हरवते. प्रत्येकाला वाटतं, आत्ता ती दुसऱ्याकडे आहे.

धाकटा चालवायला बसला, शेजारी यार्डवाला, मागच्या सीटवर थोरला. सपाटीवर पेट्रोल गाडी झक्क धावली. धाकट्याने आरशातून थोरल्याकडे बघून भुवया उडवल्या.

“बघितलंस? आवाज तरी आहे का?”

“चढ येऊ दे.”

चढ आला. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला दगडी कठडा आणि कठड्यापलीकडे काही नाही. पहिल्या वळणाला गाडीने किंकाळी फोडली. धाकट्याने गिअर खाली टाकला, इंजिनच्या फेऱ्यांचा काटा वर चढला, वेग मात्र उतरत गेला. मागची खोली डावीकडे झुकायची, मग उजवीकडे, आणि प्रत्येक झोक्याबरोबर गाडीच्या बुडाला झटका बसायचा.

“ॲक्सिलरेटर सोडू नका,” यार्डवाला म्हणाला. “या चढावर थांबलात तर परत उचलणार नाही ती.”

तेवढ्यात थोरल्याचा फोन वाजला.

“दादा, आईची गोळी माझ्याच पर्समध्ये राहिली रे,” मुलगी म्हणत होती. “तिला चक्कर येते त्याच्याशिवाय. वर कुठे थांबलात तर पाणी तरी पाज तिला.”

“तूच पाज की. तुझ्याजवळ तर आहे.”

“माझ्याजवळ कुठे? तुमच्या गाडीत आहे ना?”

थोरल्याने शेजारच्या रिकाम्या सीटकडे पाहिलं. मग मागच्या काचेतून पाहिलं. काचेत दुसरं काही मावतच नव्हतं, फक्त पांढरा पत्रा डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे हलत होता.

“थांबव,” तो म्हणाला.

“काय?”

“अरे थांबव! आई आत आहे!”

“थांबवू नका!” यार्डवाला ओरडला. “मागे घसरेल! वर सपाटी आहे, तिथवर दामटा!”

“थांबव म्हणतो ना तुला!”

धाकट्याचा पाय कुठे होता ते धाकट्यालाच कळेना. पुढे वाळूचा ट्रक रांगत होता. तो वळणावर आणखी हळू झाला आणि मग उभाच राहिला. आता प्रश्नच उरला नाही. गाडी थांबली. क्लच जळल्याचा वास आत भरला. हँडब्रेक करकरला, धरल्यासारखं केलं आणि सोडलं. सगळं ओझं सावकाश मागे जायला लागलं. खोली कठड्याच्या बाजूला वळत चालली.

यार्डवाला चालत्या गाडीतून उतरला. त्याने रस्त्याकडेचा मोठा दगड दोन्ही हातांनी उचलला आणि खोलीच्या चाकामागे टाकला. चाक दगडावर चढलं, उतरलं नाही. मागचा कोपरा कठड्याला घासून थांबला. आत काहीतरी धाडकन पडलं. मग काहीच आवाज आला नाही.

थोरला धावला. खिट्टी काढायला त्याची बोटं वळेनात. धाकटा त्याला ढकलत होता, तो धाकट्याला. शेवटी यार्डवाल्याने दोघांना बाजूला सारून दार उघडलं.

आई खाली फरशीवर बसली होती. पाठ पलंगाला, दोन्ही पाय मशीनच्या लोखंडी पायाला रोवलेले. शेजारी काचेचा चुरा पडलेला. डाव्या मनगटातून रक्त येत होतं आणि ते तिने पदरात घट्ट दाबून धरलं होतं. तिने दाराकडे पाहिलं. कोण कोण आहे ते नीट पाहिलं.

“आई, अगं आत आहेस म्हणून सांगायचं नाहीस का?” थोरला रडकुंडीला आला होता.

“मी घरात होते,” ती म्हणाली. “घरात आहे म्हणून सांगावं लागतं का कुणाला?”

थोरल्याने हात पुढे केला. तिने तो धरला नाही. दाराची चौकट पकडून, पाठमोरी होऊन, लहान मूल जिना उतरतं तशी ती एकेक पायरी खाली आली. यार्डवाल्याने आपला रुमाल दिला, तो तिने घेतला आणि मनगटाला बांधून दातांनी गाठ ओढली.

“भाऊ, ती डिझेलची किती वर्षं चालेल हो?”

“नीट ठेवली तर पुष्कळ चालेल, मावशी. पंधरासुद्धा.”

“मग तीच घ्या.” ती धाकट्याकडे वळली. तो खाली बघत होता. “चार-पाच वर्षांवाली मला नको. खोलीचा पत्रा पातळ आहे रे. आत सगळं ऐकू येतं.”

धाकट्याने तोंड उघडलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्याचा काही अभ्यास नव्हता.

“बस आई, पुढे बस,” थोरला म्हणाला. “आधी दवाखान्यात जाऊ.”

“तुम्ही या मागून.”

आणि ती उताराला लागली. चढाला दम लागतो. उतार गुडघे खातो, हे ज्याचे गेलेत त्यालाच ठाऊक. एक हात कठड्यावर ठेवून, पाय तिरका टाकत ती चालू लागली. थोरला मागे मागे गेला, दोन्ही हात तिच्या कमरेशी धरून, पण लावायची छाती झाली नाही.

यार्डवाल्याने गाडी हातात घेतली, धाकट्याला शेजारी बसवलं, ट्रक हलल्यावर कशीबशी वर नेली आणि रुंद जागा बघून वळवून आणली. खाली येईपर्यंत ती फार लांब गेलेलीच नव्हती. तिला ओलांडून जायला रस्ता होता. तो गेला नाही. पहिल्या गिअरमध्ये, तिच्या पावलाने, खोली मागे घेऊन गाडी उतरत राहिली. ती टेकली की गाडी थांबायची. ती निघाली की निघायची. मागे गाड्यांची रांग लागली, भोंगे सुरू झाले. एका ट्रकवाल्याने खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं.

“ए, कुणाची वरात काढलीय रे?”

धाकट्याने गाडीची काच वर केली. तिने मागे न बघता रुमाल बांधलेला हात वर केला, थांबा म्हणून, आणि पुढचं पाऊल टाकलं.